वाळू ठरवते मुलगी की मुलगा

आजचा विषय आहे समुद्री कासव. टोपलीखालून निघून लुटुलुटु समुद्राकडे जाणाऱ्या पिल्लांचं कौतुक तुम्ही पुष्कळ ऐकलंय, किनाऱ्यावरच्या गावांत राहणाऱ्यांनी तर डोळ्यांनी पाहिलंय. मला बोलायचंय ते टोपलीशेजारच्या वहीबद्दल. कोणत्या तारखेला किती अंडी पुरली आणि कोणत्या तारखेला पिल्लं वर आली, हे कासवमित्र ज्या वहीत लिहितात ती वही. तिच्यातल्या दोन तारखांवरून त्या घरट्यातून माद्या जास्त निघाल्या की नर, याचा अंदाज बांधता येतो. आणि हवा तापत चाललेल्या या काळात हा अंदाज फार मोलाचा झाला आहे.

आपल्याकडे अजूनही मुलगी झाली की बोल सुनेला लावतात. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या पेशीवर ठरतं. हे शाळेत शिकवतात आणि घरी विसरतात, ते असो. कासवात मात्र ते आईवर नाही आणि बापावरही नाही. ते वाळूवर ठरतं. मादी अंडी घालून जाते तेव्हा त्या अंड्यातला जीव नरही नसतो आणि मादीही नसतो. पुढे वाळू किती गरम राहते, त्यावर तो काय होणार हे ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास निम्मे नर, निम्म्या माद्या होतात. कासवाच्या जातीप्रमाणे आणि किनाऱ्याप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. वाळू त्याहून थंड राहिली तर नर वाढतात, गरम राहिली तर माद्या वाढतात. दोन-तीन अंशांचा फरक पडला की सगळंच घरटं एका बाजूला झुकतं. आपल्याला ताप आला की दोन अंशांत काय होतं ते ठाऊकच आहे. इथे तेवढ्यात जन्मच बदलतो.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती एका बाईच्या. मादलेन शार्निये या फ्रेंच संशोधिका आफ्रिकेत सेनेगल देशातल्या डाकार विद्यापीठात काम करत होत्या. सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानात ठेवली तर पिल्लांमधलं नर-माद्यांचं प्रमाण बदलतं, हे त्यांनी १९६६ साली छापून प्रसिद्ध केलं. कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नंतर कासवांत, मगरींत तेच दिसू लागलं तेव्हा त्यांच्या त्या छोट्याशा लेखाची आठवण झाली.

मगरीचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते. चिपळूणला वाशिष्ठी नदीत ज्या मगरी दिसतात, त्यांच्या जातीत गणित वेगळं आहे. त्यांच्यात २८ ते ३१ अंशांना माद्या होतात आणि साडेबत्तीसच्या आसपास नर. त्यामुळे ऊन वाढलं की सगळ्याच प्राण्यांत माद्या वाढणार, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. प्रत्येक जिवाचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो. म्हणूनच या शास्त्रात एका जागी बसून वर्षानुवर्षं मोजणाऱ्या माणसांना महत्त्व आहे.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. कोकणात अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं कासव. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवून अंगाने वाळू थोपटते आणि परत जाते. पुन्हा त्या पिल्लांचं तोंड पाहत नाही. पूर्वी ही अंडी गावोगाव खाल्ली जात, विकली जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करत हिंडत असताना मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे त्यांच्या ध्यानात आलं. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. तिथून काम सुरू झालं, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि घराघरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली. ज्या गावात अंडी पळवली जायची, तिथेच ती राखणारे कासवमित्र उभे राहिले. पुढे आंजर्ले, केळशी, गुहागर, खाली सिंधुदुर्गातलं वायंगणी अशा कितीतरी किनाऱ्यांवर वनखात्याच्या मदतीने हे काम रुजलं.

कासवमित्र काय करतात? पहाटे किनारा पायी पालथा घालतात. मादीच्या माघाऱ्या पावलांच्या खुणा दिसल्या की घरटं शोधतात आणि अंडी काढून कुंपणाच्या आत, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोल नि तशाच आकाराच्या खड्ड्यात पुरतात. हे काही तासांच्या आत आणि अंडं न हलवता, न फिरवता करावं लागतं. कारण थोड्याच वेळात आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, मग अंडं उलटलं की तो दगावतो. कोल्हे, कुत्री, माणसं आणि भरती या सगळ्यांपासून अंडी वाचतात. एवढं झालं की आपण म्हणतो, वाचली.

पण इथेच प्रश्न उभा राहतो. मादीने निवडलेली जागा सोडून आपण अंडी दुसरीकडे पुरतो, तेव्हा त्या अंड्यांना मिळणारी ऊबसुद्धा आपणच निवडलेली असते. हॅचरी उघड्या उन्हात आहे की सुरूच्या सावलीच्या कडेला, वाळू काळी आहे की पांढरी, खड्डा दीड फूट की सव्वा फूट, या प्रत्येक गोष्टीने फरक पडतो. रत्नागिरीत 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' अशी दोन किनाऱ्यांची नावंच आहेत. काळ्या वाळूवर दुपारी अनवाणी चालून बघा, मग वेगळं शिकवायला नको. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्दे बेटं आहेत, तिथे अशीच फिकी आणि गडद वाळू आहे. मोजमाप केल्यावर दिसलं की गडद वाळूच्या किनाऱ्यावर माद्यांचं प्रमाण फिक्या वाळूपेक्षा बरंच जास्त निघतं.

माणसाने चांगल्या मनाने केलेल्या कामातून काय होऊ शकतं, याचं एक खरं उदाहरण आहे. आपल्या ऑलिव्ह रिडलेची एक सख्खी बहीण म्हणावी अशी जात मेक्सिकोच्या आखातात आहे, केम्प्स रिडले. ती संपायला आली होती. म्हणून १९७८ पासून मेक्सिकोतल्या किनाऱ्यावरची अंडी अमेरिकेत, टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेऊन थर्माकोलच्या पेट्यांत वाळू घालून उबवायला सुरुवात झाली. अंडी फुटत होती, पिल्लं निघत होती, सगळे खूश होते. १९८० साली डोना शेव्हर नावाची एक कॉलेजातली मुलगी स्वयंसेवक म्हणून तिथे आली आणि पुढे त्या कामाची प्रमुख झाली. पेट्यांमधल्या तापमानाची आणि पिल्लांची तपासणी झाली तेव्हा कळलं की सुरुवातीच्या वर्षांत निघालेल्या पिल्लांत नरांचाच भरणा होता. पेट्या जमिनीवर, छपराखाली होत्या. वाळूतल्यापेक्षा गार. म्हणजे जात वाचवायला निघालेल्यांनी नकळत नरांची फौज तयार केली, आणि अंडी घालायला परत कोण येणार? माद्याच ना! मग १९८५ पासून पेट्यांची ऊब वाढवली आणि माद्या जास्त निघू लागल्या. साधारण त्याच काळात दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्येही पेट्यांच्या बाबतीत हेच आढळलं होतं.

ही थंडीची गोष्ट झाली. आजची चिंता उलटी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला समुद्रात प्रवाळांची एक प्रचंड रांग आहे, ग्रेट बॅरियर रीफ. तिच्या उत्तर टोकाला रेन आयलंड नावाचं इवलंसं बेट आहे आणि जगातल्या हिरव्या समुद्री कासवांची सर्वांत मोठी वसाहत तिथे अंडी घालते. मायकेल जेन्सन, कॅमरिन अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात चरणारी चारशेहून अधिक कासवं पकडून तपासली. रक्तातल्या संप्रेरकांवरून नर की मादी ते ओळखलं आणि आनुवंशिक तपासणीवरून कोणतं कासव कोणत्या किनाऱ्यावर जन्मलेलं आहे ते शोधलं. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दक्षिणेकडच्या, थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत ६५ ते ६९ टक्के माद्या होत्या. उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्यांपैकी पूर्ण वाढलेल्या कासवांत ८७ टक्के माद्या आणि लहान कासवांत ९९ टक्के. शंभरात एक नर!

हे दोन आकडे जरा शेजारी ठेवून बघा. पूर्ण वाढलेली कासवं म्हणजे काही दशकांपूर्वीच्या वाळूतून निघालेली आणि लहान म्हणजे अलीकडच्या. वाळू तापत गेल्याचा इतिहास कासवांच्या वयातच लिहिला गेला आहे. आणि किनाऱ्यावर उभं राहून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. माद्या येताहेत, घरटी होताहेत, उलट माद्या वाढल्या म्हणून काही वर्षं घरटीही वाढलेली दिसतील. कासव वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात, हिरव्या कासवाला त्याहून कितीतरी जास्त. तोटा कळायला एक पिढी जाते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आता तुमच्यापैकी कुणी विचारेल, अहो, माद्या जास्त असल्या तर बिघडलं कुठे? प्रश्न रास्त आहे. कासवांत नर आणि मादी निम्मे निम्मे असायलाच हवेत असं मुळीच नाही. एक नर बऱ्याच माद्यांना पुरतो, आणि मादी दरवर्षी येतेच असं नाही, नर मात्र जास्त वेळा येतात. त्यामुळे माद्या थोड्या जास्त असणं हे या जातीच्या फायद्याचंच आहे, आणि पुष्कळ किनाऱ्यांवर पूर्वीपासून तसं असावं. 'कासवांत मुलीच मुली, आता संपलं सगळं' असा आरडाओरडा करणाऱ्या बातम्या मला पटत नाहीत. पण साठ-सत्तर टक्के वेगळे आणि नव्व्याण्णव वेगळे. शिवाय वाळू नुसती मादी करून थांबत नाही. ३४-३५ अंशांच्या पुढे ती बराच काळ राहिली की अंड्यातला जीव मरायला लागतो. आधी नर जातात, मग सगळेच.

कोकणात याचा अर्थ काय होतो ते पाहू. आपल्याकडचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत आणि पिल्लं निघणं मे महिन्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीतली वाळू गार. मार्च-एप्रिलमधली तापलेली. म्हणजे थंडीतली घरटी ही मुख्यतः नरांची आणि उन्हाळ्यातली माद्यांची, असा ढोबळ हिशेब. दोन्ही मिळून संसार चालतो. अलीकडे अंडी घालणं पुढे सरकतंय, असं कासवमित्र वारंवार सांगतात. २०१९ साली ऑक्टोबरच्या शेवटी क्यार आणि पाठोपाठ महा, अशी दोन वादळं अरबी समुद्रात उठली, ती हंगामाच्या अगदी तोंडावर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने हरिहरेश्वर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली हा सगळा पट्टा झोडपला, तेव्हा सुरूची बनं आडवी झाली आणि किनाऱ्याची वाळूही हलली. थंडीतली घरटी कमी झाली तर नरांचा पुरवठाच आटेल. म्हणून एखाद्या वर्षी डिसेंबरमध्ये फक्त चारच घरटी मिळाली, तरी मी म्हणेन त्या चारांची किंमत एप्रिलमधल्या दहांपेक्षा जास्त धरा.

आता ती वही. अंडी पुरल्यापासून पिल्लं वर येईपर्यंत साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू गरम असेल तर पिल्लं लवकर तयार होतात, गार असेल तर उशिरा. म्हणजे दिवसांची संख्या हीच तापमानाची खूण झाली. घरटं ४६ दिवसांत फुटलं तर ते तापलेलं होतं, माद्यांकडे झुकलेलं. ५८ दिवस लागले तर गार होतं, नरांकडे झुकलेलं. जगभरचे संशोधक ही युक्ती वापरतात, कारण नुकत्याच निघालेल्या पिल्लाकडे बाहेरून पाहून ते नर की मादी हे कुणालाच सांगता येत नाही. मेलेल्या पिल्लाचे आतले अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०२० साली रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावरून ओळखण्याची पद्धत दाखवली, पण ती प्रयोगशाळेची गोष्ट. वहीला काही खर्च नाही.

अर्थात नुसत्या दिवसांवरून सगळं कळत नाही. नर की मादी हे ठरतं ते उबवण्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. पन्नास दिवस धरले तर साधारण सतराव्या दिवसापासून तेहेतिसाव्या दिवसापर्यंत. नेमके तेव्हा चार दिवस अवेळी पाऊस पडला आणि वाळू थंडावली तर निकाल बदलतो. पुढे अंड्यांतली पिल्लं मोठी झाली की त्यांच्याच अंगच्या उबेने घरटं आणखी तापतं, पण तोवर निर्णय झालेला असतो. म्हणून वहीला जोड हवी ती तापमापकाची. बटणाएवढी यंत्रं मिळतात, ती वाळूत पुरून ठेवली की तासातासाचं तापमान टिपतात. ओडिशात ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर, जिथे रिडले कासवं हजारोंनी एकदम येतात, तिथे दक्षिण फाउंडेशन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं अशा नोंदी घेत आले आहेत.

ओडिशाचा आणि आपला संबंध काय, असं वाटेल. २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरला अंडी घालताना सापडली. भारताला वळसा घालून आली बाई! पूर्वेकडची कासवं वेगळी नि पश्चिमेकडची वेगळी, असं आपण धरून चालत होतो. तेव्हा एका किनाऱ्यावर नर कमी पडले तर दुसऱ्या किनाऱ्यावरचे कामी येतील, ही शक्यता उरते. गुहागरच्या थंडीत निघालेला नर कुणाच्या कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

उपाय विचाराल तर आहेत. कोस्टारिकात प्लाया ग्रांदे किनाऱ्यावर घरट्यांवर सावली करून आणि पाणी शिंपडून प्रयोग झाले, वाळू थंड होते हे दिसलं. आपल्या हॅचरीवर नारळाच्या झावळ्यांचा किंवा हिरव्या जाळीचा मांडव घालणं काही अवघड नाही, मांडव तर आपण पापड वाळवतानाही उभा करतो. पण टेक्सासच्या पेट्या विसरू नका. न मोजता सरसकट सगळ्या हंगामभर सावली केली तर उलट्या बाजूची चूक होईल. जानेवारीच्या घरट्याला मांडव नको, मार्चअखेरच्या घरट्याला हवा, आणि तोही आतलं तापमान पाहून. आणखी एक, हे घरच्या घरी करायचं काम नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात ही कासवं पहिल्या सूचीत आहेत. अंड्यांना हात लावणं, घरटं उकरून आत काही ठेवणं हे वनखात्याच्या परवानगीनेच. तापमापक घरट्यात न ठेवता शेजारच्या मोकळ्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरला तरी पुष्कळ कळतं, फक्त तेही विचारूनच करायचं.

महोत्सवाला येणारे पाहुणे फोटो काढून जातात, वहीचा फोटो कुणी काढत नाही. वही बहुधा एखाद्या कासवमित्राच्या घरी कपाटात असते, पावसाळ्यात ओल लागते, पुढच्या वर्षी नवी वही निघते. ज्यांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील त्या वहिनींनी, काकूंनी त्या आधी कोरड्या जागी हलवाव्यात. घरात मोबाइल हाताळणारी मुलगी असेल तर तिच्याकडून पानापानाचे फोटो काढून घ्यावेत. वीस वर्षांच्या वह्या एकत्र आल्या तर आपल्या किनाऱ्यावर दिवस कमी होत चाललेत का, हे दुपारभरात मांडून बघता येईल. नववी-दहावीच्या मुलींना जमेल असा तो आलेख आहे.

नव्या वहीत प्रत्येक घरट्यासाठी एवढं लिहा: अंडी सापडली ती तारीख, पुरली ती वेळ, अंड्यांची संख्या, खड्ड्याची खोली, सावली आहे की ऊन, मध्ये पाऊस पडला तर कधी, पहिलं पिल्लू वर आलं ती तारीख आणि न फुटलेली अंडी किती. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलता तेव्हाच, पिल्लं मोजता मोजता लिहून टाका. घरी जाऊन लिहू म्हटलं की चहाच्या नादात राहतं.